टेकडीवरचे जंगल गेल्यावर पाण्याचे काय होते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले गाव पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि गावामागच्या उतारावरची झाडी काढून तेथे मोठा गृहप्रकल्प होऊ घातला आहे. ग्रामसभेत विकसकाच्या प्रतिनिधींनी तीन गोष्टी सांगितल्या: पाऊस पूर्वीइतकाच पडणार आहे, छतावरचे पाणी बोअरमधून जमिनीत सोडले जाणार आहे आणि तोडलेल्या झाडांच्या कित्येक पट झाडे दुसऱ्या जागेवर लावली जाणार आहेत. असे असताना विहिरींना आणि ओढ्याला धोका कसा काय, असे आपण विचारले आहे. भूजलाच्या क्षेत्रात आयुष्यभर काम केले असल्याने मी या तिन्ही मुद्द्यांचे उत्तर सविस्तर देतो, कारण हे मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात आणि त्यांना उत्तर न मिळाल्यामुळेच बहुतेक ग्रामसभा गप्प बसतात.

पहिला मुद्दा खरा आहे. एका टेकडीवरचे जंगल तोडल्याने त्या टेकडीवरचा पाऊस मोजण्याइतका कमी होत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला पाऊस अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे आणि सह्याद्रीचा अडसर ठरवतात, पाच-पन्नास एकरांची झाडी ठरवत नाही. 'झाडे तोडली की पाऊस जातो' असे म्हणून आपण विरोध केलात, तर समोरचा अभियंता तो मुद्दा पाच मिनिटांत खोडून काढील आणि मग आपले बाकीचे बरोबर मुद्देही कोणी ऐकणार नाही. याहून अडचणीची आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जंगल स्वतः पाणी वापरते. पानांवर अडलेला पाऊस तेथूनच वाफ होऊन जातो, मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत जाते, आणि म्हणूनच शेजारशेजारच्या दोन पाणलोटांपैकी एकातले जंगल काढून जगात जे प्रयोग झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी जंगल काढल्यावर ओढ्यातून वर्षभरात वाहून जाणारे एकूण पाणी वाढलेले आढळले. विकसकाच्या सल्लागाराला हे ठाऊक असते. आपल्यालाही ठाऊक असावे.

मग नुकसान कशात आहे? ते वाढलेले पाणी केव्हा येते, यात आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तोही मोजक्या दिवसांत आणि त्या दिवसांतल्या मोजक्या तासांत. उरलेले आठ महिने माणसे, गुरे, पिके आणि नदी हे सगळे त्या चार महिन्यांत जमिनीत जे मुरले त्यावर जगतात. झाडीखालच्या जमिनीने पाणी रोखून ते हळूहळू सोडावे, यातच आपल्या प्रदेशातील जंगलाचे पाण्यासंबंधीचे खरे काम आहे. ही जमीन काँक्रीटखाली गेली, की पावसाळ्यातले पाणी वाढते आणि उन्हाळ्यातले नाहीसे होते. वर्षाची बेरीज मात्र वाढलेलीच दिसते. ग्रामसभेत वार्षिक आकडा सांगणाऱ्याला एवढेच विचारावे, की यातले एप्रिल आणि मे महिन्यातले पाणी किती?

हे काम झाडापेक्षा झाडाखालची माती अधिक करते, हे नीट लक्षात घ्यायला हवे. पालापाचोळा थेंबाचा मार झेलतो, त्यामुळे मातीचे बारीक कण उडून छिद्रे बुजत नाहीत. कुजलेली मुळे, गांडुळे, वाळवी आणि उंदीर-घुशींची बिळे यांनी मातीत खोलवर वाटा झालेल्या असतात. पुण्याजवळच्या टेकड्यांवर घनदाट रान नाही, गवत आणि मधूनमधून बोर, हिवर, पळस, सालई अशी विरळ झाडी आहे. पण त्या गवताखालची जमीनही तितक्याच निष्ठेने पाणी मुरवते. त्यामुळे 'येथे जंगल होतेच कुठे, नुसते माळरान होते' हा युक्तिवाद पाण्याच्या हिशेबात टिकत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की आपल्याकडची साग, ऐन, पळस, सालई ही झाडे पानझडी आहेत. पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते त्या दिवसांत त्यांनी पाने गाळलेली असतात आणि त्यांचा स्वतःचा वापर खूपच कमी झालेला असतो. ज्या हवामानात ही झाडे वाढली, त्याला साजेशीच ही रीत आहे.

बांधकाम सुरू होते तेव्हा पहिला बळी या मातीचाच जातो. इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी जेसीबी फिरतो, वरची वीतभर माती खरवडून एका बाजूला ढीग होतो किंवा विकली जाते, आणि डंपर-रोलर फिरून उरलेली जमीन अशी घट्ट होते की पुढे तेथे बाग केली तरी तिच्यात पूर्वीच्या मानाने फार थोडे पाणी मुरते. नकाशावर हा भाग 'हिरवा' रंगवलेला असतो. चार इंच आणून टाकलेल्या मातीवर लावलेली हिरवळ आणि पूर्वीचे गवताळ रान या पाण्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत.

आता आकड्यात पाहू. पाणलोटातून किती पाणी वाहून येईल याचा ढोबळ अंदाज करण्यासाठी अभियंते क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि अपवाह गुणांक यांचा गुणाकार करतात. गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी जागेवर न थांबता वाहून जाणारा भाग. झाडी असलेल्या उतारासाठी हा गुणांक साधारणपणे ०.१ ते ०.३ धरतात, आणि छते, डांबर, काँक्रीट यांसाठी ०.८ ते ०.९५. समजा आपल्या मागचा उतार १० हेक्टरचा आहे आणि एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला. त्या उतारावर ५० लाख लिटर पाणी पडले. झाडी असताना गुणांक ०.२५ धरला तर साडेबारा लाख लिटर ओढ्याला येईल. वसाहत झाल्यावर मोकळ्या जागा जमेस धरूनही गुणांक ०.७५ झाला, तर साडेसदतीस लाख लिटर येईल. ओढा तोच, त्यावरची मोरी तीच आणि पाणी तिप्पट. शिवाय गटारांतून ते लवकर पोहोचते, म्हणून पुराचा माथा आणखी चढतो. मुंबईत जुनी पर्जन्यजल व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखलेली होती. नंतरच्या सुधारित आराखड्यात, जो ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जातो, ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरला गेला. गुणांक १ म्हणजे पडणारा थेंबन् थेंब वाहूनच जाणार असे शहराने स्वतःच गृहीत धरले. हे मला कोणत्याही टीकेपेक्षा जास्त बोलके वाटते.

दुसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे पाणी बोअरमध्ये सोडण्याकडे वळण्याआधी आपल्या पायाखालचा खडक समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. हा खडक वाळूसारखा सर्वत्र पाणी धरत नाही. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, तुलनेने मऊ) खडक, मग अखंड काळा कातळ, कधी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा, असा क्रम उभा-आडवा बदलत जातो. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. तेही फार नाही. अशा खडकातून उपशाने मिळणारे पाणी त्याच्या एकूण आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. २ टक्के धरले आणि पावसाळ्यात पातळी ५ मीटरने चढली असे मानले, तर एका हेक्टरखाली १० लाख लिटर पाणी साठते. गावाला उन्हाळाभर पुरणारी ठेव एवढीच असते. ती भरते वरच्या उतारावर आणि मिळते खालच्या झऱ्यात आणि विहिरीत.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर टेकडीला नव्याने कापलेल्या एखाद्या दरडीसमोर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास जाऊन उभे राहावे. वर हातभर माती, त्याखाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि तो जेथे काळ्या कातळावर टेकतो तेथे एक आडवी ओली रेघ दिसेल. रेघेखालचा दगड काळा आणि चकचकीत, काही ठिकाणी शेवाळ धरलेला, आणि त्यावरून बारीक धारा ओघळून खालच्या काँक्रीटच्या गटारात जात असतील. पाऊस थांबून कित्येक दिवस झाले तरी ती रेघ वाहत असते. ते पाणी डोंगराच्या पोटातून आणखी अर्धा किलोमीटर चालत जाऊन एखाद्या झऱ्याला किंवा विहिरीला मिळणार होते. उतार सपाट करताना त्याची वाटच मध्ये तोडली गेली. दोन किंवा तीन मजली तळघर खणतात तेव्हा हेच आणखी खोलवर घडते. खड्ड्यात पाझर फुटतो, पंप लावून ते पाणी रात्रंदिवस पावसाळी गटारात फेकले जाते आणि काम पूर्ण होईपर्यंत आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. पुण्यात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की तळघराचा खड्डा आणि टँकर शेजारी शेजारी उभे दिसले तर मला आता आश्चर्य वाटत नाही. संताप मात्र दर वेळी येतो.

पुनर्भरण बोअरच्या आश्वासनाची परीक्षा या पार्श्वभूमीवर करायची. मी पुनर्भरणाच्या बाजूचा माणूस आहे. योग्य जागी, योग्य गाळणीसह केलेले पुनर्भरण उपयोगी असते आणि ते जरूर व्हावे. पण त्याने जंगलाची जागा भरून निघते, हे खरे नाही. बोअर जर अखंड कातळात असेल, तर त्यात ओतलेले पाणी जाणार कुठे? ती तोंडापर्यंत भरते आणि उरलेले बाहेर वाहते. बोअर भेगेत लागली असेल, तर तिथे पाणी खोल थरात जाते, आणि आपल्या गावची विहीर व झरा मात्र उथळ थरावर चालतात. एका थरातली भर दुसऱ्याला मिळेलच असे नाही. गाळणी साफ केली नाही, तर पार्किंगमधले तेल, कबुतरांची घाण, फुटलेल्या ड्रेनेजचे पाणी थेट भूजलात उतरते. मातीतून हळूहळू झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे सहा इंची पाइपातून उतरताना जात नाही. बेसॉल्टच्या भेगेत एकदा शिरलेली घाण काढण्याचा व्यवहार्य उपाय नसल्यासारखाच आहे.

छताच्या पाण्याचाही हिशेब मांडून पाहावा. १,००० चौरस मीटर छतावर पुण्यासारखा ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर वर्षाला ७ लाख लिटर पाणी पडते, त्यातले ८० टक्के हाती लागले तर ५ लाख ६० हजार लिटर. त्या छताखाली १०० सदनिका आणि प्रत्येकीत चार माणसे धरली, तर माणशी १३५ लिटरच्या प्रचलित निकषाने रोजची गरज ५४ हजार लिटर होते. म्हणजे वर्षभराचे छताचे पाणी सुमारे दहा दिवस पुरेल. उरलेले ३५५ दिवस पाणी दुसरीकडून आणावे लागेल. महापालिकेची वाहिनी पोहोचली नसेल, तर ते टँकरने येईल, आणि टँकर बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावातल्या विहिरीवर भरला जाईल. पूर्वी तो उतार बाहेरून पाणी मागत नव्हता आणि खालच्यांना पाणी देत होता. आता तोच उतार घेणारा झाला. ही दुहेरी घट विकसकाच्या तक्त्यात कधीच एका ओळीत दिसत नाही.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी मला मुंबईच्या उत्तरेकडील तीन तलावांइतके चांगले उदाहरण देशात क्वचितच सापडते. विहार तलाव १८६० च्या सुमारास, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९० च्या सुमारास बांधला गेला. तिन्ही एकमेकांच्या जवळ, एकाच डोंगररांगेत, जवळपास सारख्याच पावसात. तुळशीचे पाणलोट क्षेत्र ६.७६ चौरस किलोमीटर आणि पवईचे ६.६१, म्हणजे जवळजवळ सारखेच. तुळशी आणि विहार यांचे पाणलोट पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात राहिले, तेथे मोठी वस्ती झाली नाही. पवईच्या काठावर आणि चढावर मात्र शिक्षणसंस्था, कारखाने, उंच इमारती आणि झोपडवस्त्या उभ्या राहिल्या. आज तुळशी आणि विहारचे पाणी शुद्धीकरणानंतर मुंबईकर पितात. पवई तलाव भरून वाहतो तेव्हा महापालिका दर वर्षी सांगते, की हे पाणी पिण्यायोग्य नसल्यामुळे ते औद्योगिक आणि आरे दुग्ध वसाहतीच्या इतर वापरासाठी दिले जाते. पवईच्या पाण्याबद्दल तक्रारी अगदी सुरुवातीच्या काळातही होत्या, त्यामुळे सगळा दोष नंतरच्या वस्तीला देणे अन्यायाचे ठरेल. परंतु सांडपाणी, जलपर्णी आणि गाळ यांनी आजची अवस्था आणली ती पाणलोटात शहर शिरल्यामुळेच, आणि जलपर्णी काढण्यासाठी होणारा खर्च काही केल्या संपत नाही. याच डोंगरावर, तुळशीपासून जवळच, कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी खडकात कोरलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याच्या टाक्या, आहेत. पन्हळी कोरून वरच्या उताराचे पाणी त्यांत उतरवलेले आहे आणि कित्येकींत आजही पाणी असते, कारण वरचा उतार तसाच राहिला. पुण्यात पवईचे भावंड पाहायचे असेल तर पाषाण तलाव पाहावा. भूगावकडून येणाऱ्या राम नदीच्या काठाने वस्ती वाढत गेली, तसतसा तिच्यातून तलावात येणाऱ्या सांडपाण्याचा भाग वाढत गेला.

तुळशी-विहारच्या बाबतीत एक आक्षेप नेहमी येतो, की त्यांचा मुंबईला उपयोग तो किती? सात तलावांच्या मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठ्यात या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. रोजच्या ३,९०० दशलक्ष लिटरच्या पुरवठ्याने भागले तर नऊ-दहा दिवसांचे पाणी. आकडा बरोबर आहे. मात्र मोठा साठा जेथून येतो ते तानसा, मोडकसागर, वैतरणा हे तलावही ठाणे, पालघर, नाशिकच्या जंगलात आहेत. शहराला जंगलाची गरज संपली असे कधीच झाले नाही. शहराने फक्त ती गरज शंभर किलोमीटर दूर नेली. नव्या पाण्यासाठी गारगाई नदीवर धरणाचा जो प्रस्ताव आहे, त्यात तानसा अभयारण्यातले जंगल पाण्याखाली जाणार आहे. जवळचे रान बांधकामाखाली आणि त्यामुळे वाढलेल्या गरजेसाठी दूरचे रान पाण्याखाली, हा क्रम आहे. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, ही या व्यवहाराची दुसरी बाजू. तिच्याबद्दल बोलताना मला शांत राहता येत नाही.

पुराबाबत मात्र जंगलाच्या नावावर नको तेवढे श्रेय जमा करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणतेही जंगल मुरवू शकत नाही. माती एकदा पूर्ण भिजली की पुढचे पाणी वाहणारच. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यातून येणाऱ्या पाण्यावर सुरू होते आणि माहीमच्या खाडीला मिळते. त्या दिवशी जे घडले त्यात नदीचे अरुंद झालेले पात्र, खाडीमुखाजवळचे भराव आणि भरतीची वेळ यांचा मोठा वाटा होता. जंगलाचा उपयोग होतो तो दर वर्षी दोनचार वेळा येणाऱ्या मध्यम पावसात, जो मोजणीत येत नाही पण वस्तीत घुसतो. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात जो कहर केला, त्यात वरच्या उतारावरची बांधकामे, वळवलेला प्रवाह, आवळलेले पात्र आणि अतिवृष्टी ही सगळी कारणे एकत्र आली. अशा वेळी एकाच कारणाकडे बोट दाखवणारा माणूस, तो आपल्या बाजूचा असला तरी, आपले नुकसान करतो.

तिसरा मुद्दा, दुसरीकडे झाडे लावण्याचा, सर्वांत कमी वेळात निकालात निघतो. कार्बनच्या हिशेबात झाड कोठेही लावले तरी चालत असेल. पाण्याच्या हिशेबात चालत नाही. आपल्या विहिरीला पाणी देणारा उतार एकच आहे. दुसऱ्या तालुक्यात लावलेले झाड त्या तालुक्याच्या ओढ्याला उपयोगी पडेल, आपल्या नाही. शिवाय लागवड म्हणजे जंगल नव्हे. पुण्याच्या टेकड्यांवर सरसकट गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) लावल्याने हिरवळ दिसली, पण त्याखाली गवत आणि स्थानिक झुडपे यांचा जो थर असायला हवा तो अनेक ठिकाणी तयार झालेला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना कोकण आणि गोव्याच्या वाचकांसाठी करतो. तेथे जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, वरून ओसाड दिसतात, सरकारी कागदावर त्यांची नोंद पडीक म्हणून होते आणि म्हणून कारखाने व वसाहती त्यांच्यावर आधी जातात. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर मुरलेले पाणी खाली पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येते, आणि गावे, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), देवळांची तळी त्या झऱ्यांवरच वसलेली आहेत. तेथे झाड नसले तरी वरचा सडा हा खालच्या गावाचा पाणलोटच आहे.

आता आपण काय करावे ते सांगतो. प्रकल्पाचे बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार त्याला पूर्वमंजुरी लागते आणि त्याचा अर्ज परिवेश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. त्या अर्जात प्रकल्पाआधीचा आणि नंतरचा अपवाह किती धरला आहे, कोणते गुणांक घेतले आहेत आणि वाढलेले पाणी जागेवर रोखून हळू सोडण्याची टाकी किंवा तळे किती क्षमतेचे आहे, हे पाहावे. वर दाखवलेला हिशेब करायला दहावीचे गणित पुरते. गुणांक सोयीचे धरलेले आढळले तर लेखी हरकत घ्यावी. उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तर विकास नियंत्रण नियमांनुसार तेथे बांधकाम करता येत नाही. समपातळी रेषांचा नकाशा मागून हे तपासावे, कारण उतार आधी कापून सपाट करायचा आणि मग मोजायचा, असेही प्रकार होतात. जमीन १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांतली असेल, तर टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात ती येते का, हेही पाहावे. गाव नकाशावर दाखवलेला प्रत्येक ओहोळ प्रकल्पाच्या आराखड्यावर आहे का, हे एकेक करून जुळवावे; आराखड्यातून ओहोळ गायब होणे ही गोष्ट अपवादाची नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू आहे, त्याचा आधार विहिरींसंबंधीच्या तक्रारीत घ्यावा.

यासाठी सर्वांत आधी लागतील ते आपल्या स्वतःच्या नोंदी, आणि त्या काम सुरू होण्यापूर्वीपासूनच्या हव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही तेच महिने धरावे. उतारावरच्या, पायथ्याच्या आणि गावठाणातल्या अशा निदान सहा-सात विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी, पाण्यापर्यंतचे अंतर वजन लावलेल्या टेपने मोजावे. झऱ्याखाली ठरावीक मापाची बादली धरून ती किती सेकंदांत भरते हे तीन वेळा मोजून सरासरी लिहावी. तारीख, मोजणाऱ्याचे नाव आणि त्या आठवड्यातला पाऊस या नोंदी एका वहीत ठेवाव्यात, दर वेळी ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यावा आणि छायाचित्र जोडावे. जवळच्या शाळेतले विज्ञानशिक्षक या कामात बहुधा आनंदाने साथ देतात. नोंद नसेल तर विहीर आटल्यावर 'ती पूर्वीपासून अशीच होती' असे सांगितले जाते आणि ते खोडून काढायला आपल्याकडे काही नसते. सलग दोन वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदी हातात असतील, तर हरकतीच्या अर्जाला, तहसीलदाराकडच्या तक्रारीला आणि वेळ आलीच तर हरित न्यायाधिकरणातल्या याचिकेलाही आधार मिळतो. येत्या ऑक्टोबरची पहिली मोजणी चुकवू नये.